चौकटीच्या रुंदीचा हिशेब

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी मी आणि माझा वर्गमित्र झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर बसलो होतो. संकेतस्थळ बरेच जुने. सारी माहिती भरून झाली, पण ‘सादर करा’ हे बटणच कुठे दिसेना! दुकानदार म्हणाला, “सर्व्हर डाऊन असेल, उद्या या.” मुदतीचा तर तोच शेवटचा दिवस. मित्र उठलाही. मी उगाच पान खाली सरकवीत गेलो, तो उजवीकडे असायची ती चौकट डावीकडच्या लांबलचक सूचनांच्या खाली जाऊन पडलेली, आणि बटण तिच्यात!

घरी येऊन त्या पानाची मांडणी तपासली, तेव्हा कारण सापडले ते चक्क आपल्या वाणिज्य शाखेतले.

दुकानात किंमत दोन तऱ्हांनी सांगतात: करासह किंवा कर वेगळा. चौकटीच्या रुंदीचेही तसेच आहे. समजा, रुंदी ३०० पिक्सेल लिहिली. शिवाय आत दोन्ही बाजूंना २०-२० मोकळी जागा आणि ५-५ ची किनार. १९९६ च्या सीएसएस नियमानुसार ३०० ही फक्त मजकुराची जागा. म्हणजे एकूण चौकट ३५०. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र सारे ३०० मध्येच बसवी व मजकुराला २५० ठेवी. अशा दोन चौकटी ६०० च्या ओळीत त्याच्याकडे बरोबर मावत. नियमाने त्या ७०० होतात, आणि दुसरी खाली घसरते. आमचा अर्ज असाच घसरला होता.

२००१ मध्ये आलेल्या एक्सप्लोरर ६ ने दोन्ही हिशेब ठेवले. पानाच्या पहिल्या ओळीत ‘डॉकटाइप’ची योग्य घोषणा असेल तर नियमाचा, नसेल तर जुना. आजचे क्रोम व फायरफॉक्सही घोषणा नसलेल्या पानांसाठी काही जुन्या सवयी पाळतात. साध्या चौकटीच्या रुंदीची ही सवय मात्र नाही.

गंमत अशी, की ‘चुकीचा’ ठरलेला हिशेबच सोयीचा होता, असे माझे मत. आज कित्येक जण ‘बॉक्स-सायझिंग’पुढे ‘बॉर्डर-बॉक्स’ लिहून तोच मुद्दाम मागून घेतात. त्या जुन्या पानालाही ही एक ओळ पुरली असती. तसे पत्र मी त्यांना धाडले. पोच अजून यायची आहे. मित्राला शिष्यवृत्ती मात्र मिळाली.