प्रवेश-सल्लागार नेमावा की नाही? भाचीस पत्र



अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी खासगी सल्लागार, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘अ‍ॅडमिशन काउन्सिलर’ म्हणतात तो, पैसे देऊन नेमावा काय, हा प्रश्न सीईटीचा, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घरोघरी निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा शेजारच्या घराने काय केले यावरून दिले जाते. वस्तुतः ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे : प्रवेश देणारी यंत्रणा निवड कशाच्या आधारे करते, आणि सल्लागाराचा खर्च अखेर कोण उचलतो. सल्लागार किती जाणकार आहे, हा मुद्दा यानंतरचा.

जेथे निवड करणाऱ्याला स्वतःचा विवेक वापरण्याची मुभा असते, तेथे सल्ल्याला किंमत येते. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे गुणांबरोबर विद्यार्थ्याचे निबंध, शिफारसपत्रे आणि शाळेबाहेरची कामगिरीही पाहतात. त्यामुळे तेथे खासगी सल्लागारांचा मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि त्याच मोकळ्या जागेतून २०१९ साली उघडकीस आलेले विल्यम सिंगर या सल्लागाराचे लाचप्रकरणही निपजले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाची घडण याहून अगदी वेगळी आहे. येथे बहुतांश जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजेच सीईटी सेलच्या, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. तिलाच विद्यार्थी ‘कॅप’ म्हणतात. या प्रक्रियेत निबंध नाही, मुलाखत नाही आणि कोणाचे मन वळवायचेही नाही.

कॅपचे गणित समजून घेतले की सल्लागाराला वाव कोठे उरतो हे दिसू लागते. सीईटीचा निकाल ज्यात मिळतो ते पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९२ पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षेच्या त्या सत्रातील सुमारे ९२ टक्के परीक्षार्थींचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी होते, एवढाच. या पर्सेंटाइलवरून राज्याची गुणवत्ता यादी बनते, आणि संगणक त्या यादीतील क्रमांकाने एकेका विद्यार्थ्याचा विकल्प अर्ज, म्हणजे त्याने पसंतीक्रमाने लिहिलेली यादी, उघडून, वरून खाली वाचत जाऊन, त्याला लागू असलेल्या प्रवर्गातील जी पहिली शिल्लक जागा सापडेल ती त्याला देतो. दुसऱ्या पसंतीची जागा शिल्लक असताना पहिली पसंती ‘वाया’ गेली म्हणून ती नाकारली जाईल, असे या पद्धतीत घडत नाही. त्यामुळे आवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय यादीच्या माथ्यावर लिहिल्याने काहीही बिघडत नाही, आणि खऱ्या आवडीच्या क्रमाने यादी लिहिणे हाच सर्वांत फायद्याचा मार्ग ठरतो. अशा वाटपपद्धतींचा गणिती अभ्यास जुना आहे; गेल आणि शॅप्ली यांचा पायाभूत लेख १९६२ चा, आणि या विषयातील कामाबद्दल रॉथ व शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही ‘यादीची खास मांडणी’ विकत मिळते असे मानणारे पालक कमी नाहीत.

या गणिताला २०२५-२६ पासून एक गाठ पडली आहे, आणि सल्लागारांची बरीचशी भीती याच गाठीवर पोसली जाते. त्या वर्षी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही जागा मिळाली, तर ती स्वीकारणे बंधनकारक होते आणि पुढील फेऱ्यांचे दार बंद होत होते. यातून निघणारी शिस्त अवघड नाही. यादीच्या माथ्याशी केवळ नावासाठी किंवा मैत्रिणीने लिहिले म्हणून काही लिहू नये. तेथे फक्त अशीच ठिकाणे असावीत की जी मिळाल्यास भाची तेथे चार वर्षे शिकण्यास खरोखर राजी असेल. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका हाच प्रमाण ग्रंथ मानावा. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या चुलतभावाची आठवण नव्हे.

सल्लागार प्रत्यक्षात जे विकतो त्यातील मोठा भाग म्हणजे मागील वर्षांचे ‘कटऑफ’, अर्थात त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक व पर्सेंटाइल. ही आकडेवारी सीईटी सेल स्वतःच महाविद्यालयवार प्रसिद्ध करतो आणि ती फुकट मिळते. ती वाचायची तर काही संकेत तेवढे कळावे लागतात : ‘जीओपनएच’ यातील ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, त्याऐवजी ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव; मधला भाग प्रवर्गाचा; आणि शेवटचा ‘एच’ म्हणजे मूळ विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांची जागा, ‘ओ’ म्हणजे क्षेत्राबाहेरच्यांची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. ‘टीएफडब्ल्यूएस’ हा अक्षरसमूह विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ती शिक्षण शुल्क माफीची योजना असून, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी मंजूर जागांव्यतिरिक्त पाच टक्के जागा तिच्याखाली असतात आणि त्यांचा विकल्प यादीत स्वतंत्रपणे भरावा लागतो. एका संध्याकाळी वही घेऊन बसल्यास एवढे ज्ञान घरच्या घरी होते.

आता पैशाचा प्रश्न. काही सल्लागार कुटुंबाकडून अगदी थोडे शुल्क घेतात किंवा काहीच घेत नाहीत, आणि हेच अधिक काळजीचे लक्षण होय, कारण अशा वेळी त्यांचे उत्पन्न महाविद्यालयाकडून मिळणाऱ्या दलालीतून येत असण्याचा संभव असतो. राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, त्या भरण्याची निकड संस्थेला असते, आणि तिच्या पैशावर चालणाऱ्या माणसाचा सल्ला विद्यार्थ्याच्या हिताकडे झुकेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत सुमारे २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. लोक त्यांना ‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणतात. सल्लागाराचे बोट बहुधा याच जागांकडे वळते. येथे मुलींच्या दृष्टीने एक गोष्ट फार मोलाची आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. परंतु ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. ‘सीट पक्की’ असे म्हणून मुलीला संस्था स्तरावरील जागेवर बसवणारा सल्लागार तिच्या चार वर्षांच्या सवलतीवर पाणी सोडायला लावतो, आणि हे तो आधी सांगेलच असे नाही.

पावतीविना मागितलेल्या रकमेबाबत तर विचार करण्यासारखे काही नाहीच. महाराष्ट्रात कॅपिटेशन शुल्क, म्हणजे ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त प्रवेशासाठी घेतलेली रक्कम, १९८७ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि खासगी संस्थांच्या प्रवेशांवर व शुल्कावर देखरेख ठेवण्यासाठी २०१५ च्या कायद्याने प्रवेश नियामक व शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणे नेमली आहेत. अशी मागणी करणाऱ्याशी बोलणे तेथेच संपवावे.

सल्लागार सर्वथा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या घरात याआधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, किंवा जेथे वैद्यकीय प्रवेशासाठी अखिल भारतीय कोटा, राज्याचा कोटा आणि अभिमत विद्यापीठे अशा निरनिराळ्या प्रक्रिया एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, तेथे तासाभराचे ठरावीक शुल्क घेऊन भरलेली यादी तपासून देणारा माणूस कामाचा ठरतो. पण त्याने कोणत्याही महाविद्यालयाकडून काही घेत नसल्याचे लेखी द्यावे, नोंदणी विद्यार्थिनीच्याच मोबाइल क्रमांकावर व्हावी आणि पासवर्ड तिच्याखेरीज कोणाच्या हाती जाऊ नये. विकल्प अर्ज दुसऱ्याने परस्पर बदलला, तर त्याचा भुर्दंड तिलाच बसतो.

भाचीच्या बाबतीत मात्र निर्णय सरळ आहे : सल्लागार नेमू नये. कागदपत्रांच्या तपासणीसाठी सुविधा केंद्रे आहेत, आणि शाखा कोणती, वसतिगृह कसे, प्रयोगशाळेत यंत्रे चालतात की नुसती झाकून ठेवलेली असतात, हे त्या महाविद्यालयात सध्या शिकणाऱ्या मुली सल्लागारापेक्षा खरे सांगतील. प्रवर्गासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्रांचे अर्ज अद्याप गेले नसतील तर ते याच आठवड्यात जावेत. माहितीपुस्तिका पूर्ण वाचून झाल्यावरही पैसे देऊन विचारावा असा एखादा प्रश्न उरलाच, तर तो कागदावर लिहून आधी इकडे पाठवावा.

— मामा