सदाफुली आणि रक्तांतील पहारेकरी

गोवंडीच्या वस्त्यांतून दारोदारीं पत्र्याच्या डब्यांत वाढणारी सदाफुली तुम्ही नित्य पाहतां. या साध्या झाडापासून कर्करोगावरील दोन मोलाचीं औषधें निघालीं आहेत. त्यांची कथा मनन करण्याजोगी आहे.

जमैका बेटांत सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. म्हणून कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर या संशोधकांनीं पानांचा अर्क उंदरांस टोंचून पाहिला. साखर उतरली नाहीं. उलट उंदीर जंतुदोषानें मेले. रक्त तपासतां श्वेतपेशी फार घटलेल्या आढळल्या. श्वेतपेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. ज्या द्रव्यानें त्या घटतात, तें श्वेतपेशींच्या कर्करोगावर कां चालूं नये? या विचारांतून १९५८ सालीं व्हिनब्लास्टिन पुढें आलें. मागाहून त्याच झाडांतून व्हिन्क्रिस्टिन मिळालें.

पेशी दुभंगतांना तिच्यांत सूक्ष्म तंतूंची मांडणी होते. हीं औषधें ती मांडणी होऊं देत नाहींत. त्यामुळें झपाट्यानें वाढणारी पेशी मरते. परंतु अस्थिमज्जेंत निपजणारे नवे पहारेकरीही झपाट्यानेंच वाढतात, व तेही बळी पडतात. औषधाचा गुण तोच त्याचा दोष!

धडधाकट रोग्यास डॉक्टर पुष्कळदां अनेक औषधें मिळून देतात. एकाला न जुमानणारी पेशी दुसऱ्यानें मरते. पण एच्. आय्. व्ही. विषाणूनें ज्याचे पहारेकरी आधींच रोडावले आहेत, त्यानें हा मारा कसा सोसावा? अशा रोग्यांस कापोसीचा कर्करोग जडतो. आपल्या देशांत तो विरळा आहे. त्यांत त्वचेवर जांभळट डाग उमटतात. विषाणूस आवरणारीं औषधें हा पहिला उपाय. रोग फार पसरला असल्यास जोडीस बहुधा एकच कर्करोगनाशक औषध देतात. व्हिन्क्रिस्टिन मज्जेला त्या मानानें कमी दुखवितें, म्हणून रक्त क्षीण असतां त्याचाही उपयोग करतात. मात्र त्यानें हातापायांस बधिरता येते.

पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सदाफुलीचा काढा घरीं करूं नये. झाड विषारी आहे. आणि कर्करोगाचें औषध चालू असतां ताप आल्यास तो साधा न समजतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. परळचें टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तें गोवंडीहून दूर नाहीं. पहारेकरी थोडे असतां विलंब हाच मोठा शत्रु होय.