जखम भरताना पेशी साखळी करून चालतात

सिल्व्हर पार्कमधल्या सोसायट्यांच्या आवारात माती कमी आणि पेव्हर ब्लॉक जास्त. त्यामुळे वर्गात दोन-चार गुडघे खरचटलेले असतातच. ‘पेशी’ शिकवताना हेच उदाहरण घ्यावे.

खरचटल्यावर आधी रक्त गोठते. मग साधारण दिवसभरात जखमेच्या कडेच्या त्वचापेशी हलू लागतात. पुढच्या पेशी चपट्या होतात, पातळ पदर पुढे पसरून खालचा थर पकडतात आणि सरकतात. पण त्या एकेकट्या सुटत नाहीत. शेजारच्या पेशींशी त्यांची घट्ट जोडणी असते, म्हणून मागच्याही ओढल्या जातात. कडेच्या मागे नव्या पेशी तयार होत राहतात. जखम वरवरची असेल तर केसांच्या मुळांपासूनही त्वचा वाढते. समोरासमोरच्या कडा भेटल्या की सरकणे थांबते.

वर्गात हे करून पाहा : मुलांच्या दोन साखळ्या समोरासमोरच्या भिंतींपासून निघतील. हात सोडायचा नाही, भेटलात की थांबायचं! नंतर मध्ये बाकं ठेवा. आता मुलांना वाकून, खालून वाट काढावी लागते, वेळ लागतो. ही बाकं म्हणजे सुकलेली खपली.

इथेच पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट आहे. ‘जखम उघडी ठेव, सुकू दे’ असे आपण सर्रास म्हणतो. पण 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरते. कोरड्या जखमेत पेशींना खपलीखालून वाट काढावी लागते. मुंबईतही डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे, तर सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरले. स्वस्त, न चिकटणारे आणि ओलावा टिकवणारे! अर्थात ते रुग्णालयात, निर्जंतुक करून. घरी असे प्रयोग नकोत.

मग घरी काय करायचं? वाहत्या पाण्याने माती धुवा, थोडे व्हॅसलीन लावा, स्वच्छ पट्टी बांधा आणि ती रोज बदला. हळद, टूथपेस्ट नको. खपली खरवडली तर नवी त्वचाही निघते, हे मुलांना जरूर सांगा. जखम खोल असेल, कुत्रा चावला असेल किंवा पू झाला असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.