शुश्रूषा करणाऱ्याचा रक्तदाब कोण मोजणार?

घरातील वृद्धांच्या आजारांविषयी या सदरातून आपण अनेकदा बोललो आहोत. आज त्यांची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीविषयी लिहावयाचे आहे.

मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. महाल भागातील एका घरी मी आजीबाईंना तपासायला गेलो होतो. वय ७८. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात होऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली. तरीही पाठीवर एकही जखम नव्हती, कपडे स्वच्छ होते, उशाशी पाण्याचा पेला भरलेला होता. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. मी सूनबाईंचे कौतुक केले. सासूबाईंना कुशीवर वळवताना त्यांनी एकदम भिंतीचा आधार घेतला. "काही नाही डॉक्टरसाहेब, ऊन बाधलं असेल," त्या म्हणाल्या.

मी बॅगेत ठेवलेले यंत्र पुन्हा काढले. सासूबाईंचा रक्तदाब १३०/८० होता. सूनबाईंचा भरला १९०/११०!

"तुमची गोळी सुरू आहे का?"

"आधी घेत होती. मग आईंचं हे झालं. त्यांच्या गोळ्या आणता आणता माझी राहूनच गेली."

बाईंचे वय ५२. दोन वर्षे मी त्या घरी जात होतो, परंतु हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. ही चूक माझीच. त्या बाई पडल्या असत्या, तर त्या घरात एकाच दिवशी दोन रुग्ण झाले असते आणि सेवा करणारे कोणीच उरले नसते.

शुश्रूषेचा ताण शरीरावर उतरतो, हे संशोधनातूनही दिसले आहे. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्ध पतिपत्नींचा अमेरिकेत चार वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. सेवा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र अशी वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा घातक नाही, न झेपणारा भार घातक आहे. तो हलका कसा करावा, ते पाहू.

कंबर सांभाळा. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये. त्यात त्याचा खांदा व तुमची कंबर दोन्ही दुखावतात. त्याच्या अंगाखाली दुहेरी चादर घालावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून सरकवावे. कमरेतून न वाकता गुडघे वाकवावेत. पलंग फार बुटका असल्यास भक्कम लाकडी ठोकळे लावून उंच करावा.

कूस बदलण्याची वेळ ठरवा. दिवसा साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, टाचा व खुबे रोज पाहावेत. लाल झालेली जागा चोळू नये, तिच्यावरचा दाब काढावा. हवेची गादी उपयोगी पडते, पण तिच्यामुळे कूस बदलणे सुटत नाही. रात्री किती वेळा उठावे लागेल, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. विनाकारण झोपमोड करून घेऊ नये.

घास घाईने भरवू नका. रुग्णाला ताठ बसवून लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. निजून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

उन्हाळ्यात विशेष जपा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि म्हातारपणी तहान कमी लागते. म्हणून न मागता थोडे थोडे पाणी द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. कूलर लावलेल्या खोलीची एक खिडकी उघडी असावी. शुश्रूषा करणाऱ्यानेही रुग्णाबरोबर पाणी प्यावे. त्याचा पेला बहुधा रिकामाच असतो.

अचानक बडबड सुरू झाल्यास थांबू नका. काल ठीक असलेली वृद्ध व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत गेली, तर "म्हातारचळ लागला" असे समजू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, साखर वा सोडियम कमी होणे, पक्षाघात किंवा एखादे औषधही त्यामागे असते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणे. वेळ मिळूनही झोप न लागणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, एकटे असताना रडू येणे, वजन घटणे, स्वतःच्या गोळ्या चुकणे. कधी रुग्णावर हात उगारावासा वाटतो. तसे वाटले, तर तुम्ही वाईट आहात असे नव्हे. तुम्ही थकला आहात. रुग्ण सुरक्षित असल्याची खात्री करून खोलीबाहेर या आणि त्याच दिवशी कोणाची तरी मदत मागा.

आपल्या घरांतून हे काम बहुधा सुनेच्या वा लेकीच्या वाट्याला येते आणि इतर सगळे फोनवर सल्ले देतात. तेव्हा घरच्यांनी एकदा बसून कामे कागदावर वाटून घ्यावीत. आठवड्यातील दोन रात्री मुलाने जागावे. पुण्या-मुंबईच्या भावाने बाईचा पगार द्यावा किंवा वर्षातून पंधरा दिवस येऊन राहावे. आठवड्यातील एक दुपार शुश्रूषा करणाऱ्याची स्वतःची असावी. ती चैन नव्हे, ते औषध आहे.

बाहेरची मदतही घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत असतो. मन थकल्यास १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. योजनेतील रुग्णालयात भरती झाल्यास कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड आजारपणाआधीच काढून ठेवावे.

त्या सूनबाईंची गोळी आता नियमित सुरू आहे. रविवारी रात्री आजीबाईंजवळ मुलगा झोपतो. शेवटच्या खेपेस मी यंत्र काढले, तेव्हा आजीबाईंनी डाव्या हाताने आधी सुनेकडे बोट दाखवले.

आपल्या घरी कोणी अशी सेवा करीत असेल, तर या आठवड्यात त्याचा रक्तदाब मोजून घ्या. चाळिशी ओलांडली असल्यास रक्तातील साखरही तपासा. वृद्धांना दवाखान्यात नेताना डॉक्टरांपुढे आपलाही हात पुढे करा. आम्ही विचारले नाही, तरी करा.