कडुनिंब : बांधावरचा राखणदार



रानात पीक उभे राहिले की त्यावर आपल्याआधी दुसऱ्यांचा डोळा असतो. पानावर अळी येते. शेंड्यावर मावा बसतो. मग आपण दुकानाची वाट धरतो. उधारीने औषध आणतो आणि फवारतो. कीड मरते हे खरे. पण ते औषध म्हणजे विष आहे, हे विसरून कसे चालेल? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेकांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक वाचवायला गेले आणि जीव गमावून बसले.

म्हणून अळी दिसली की लगेच विषाकडे धावू नये. आधी बांधाकडे पाहावे. तिथे कडुनिंब उभा आहे.

कडुनिंबाचा गुण

पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला खातो. घरातल्या बाया धान्याच्या कणगीत वाळलेला पाला घालतात. म्हणजे हा गुण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. पुढे शास्त्रज्ञांनीही तो पारखला. १९५९ साली सुदान देशात टोळधाड आली. टोळांनी झाडेझुडपे फस्त केली, पण कडुनिंब तेवढा हिरवा राहिला. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीचे पाणी पिकावर फवारून दाखवले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी पान खाल्ले नाही.

असे का होते? अळी वाढते तेव्हा सापासारखी कात टाकते. निंबोळीतल्या कडू द्रव्याने तिची भूक मरते. तिला कात नीट टाकता येत नाही. तिची वाढ खुंटते.

निंबोळी अर्क असा करावा

१. पावसाळ्याच्या तोंडी निंबोळ्या पिकून खाली पडतात. त्या गोळा कराव्या. गर काढून बिया धुवाव्या आणि सावलीत वाळवाव्या.

२. बिया गोणपाटात किंवा टोपलीत ठेवाव्या. वारा लागला पाहिजे. बुरशी आलेली बी घेऊ नये.

३. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो बी कुटून भरड करावी. ती ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी.

४. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवावा. साबणामुळे अर्क पानाला धरून राहतो.

५. सकाळी भरड ढवळून फडक्यातून गाळावी. त्यात साबणाचे पाणी घालावे. मग साधे पाणी घालून सारे मिळून १०० लिटर करावे.

म्हणजे १०० लिटरला ५ किलो बी. १५ लिटरच्या पंपाला किती? पाऊण किलो.

अर्क त्याच दिवशी वापरावा. फवारणी उन्हे उतरल्यावर करावी, कारण कडक उन्हाने अर्काचा गुण जातो. पानाच्या खालच्या अंगालाही फवारा लागला पाहिजे.

कुणी म्हणेल, "गुरुजी, फवारलं तरी अळी दुसऱ्या दिवशी जित्तीच दिसते की!" दादा, दिसणारच. हा अर्क अळीला जागच्या जागी मारत नाही, तिचे खाणे बंद करतो. म्हणून अळी लहान असतानाच फवारावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. कीड फार माजली असेल तर मात्र कृषी सहायकाला विचारावे.

पिकाचे सोबती

कपाशीच्या कडेने एरंडी लावावी. पाने खाणारी अळी असते, तिचा पतंग एरंडीच्या रुंद पानांवर पुंजक्याने अंडी घालतो. ती चटकन दिसतात. ती पाने तोडून नष्ट करावी.

टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ लावावी. फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांकडे ओढला जातो. मात्र टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला हवा. म्हणून टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे, तर झेंडूचे ४५ दिवसांचे घ्यावे. झेंडूच्या मुळांनी जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात.

एक इशारा

झाडपाल्याचे आहे म्हणून सगळेच निर्धोक, असे समजू नका. तंबाखूचा काढा किडीला मारतो, पण तो माणसालाही विषारी आहे. तो कातडीतूनही अंगात भिनतो. एरंडीचे बी लेकरांच्या हाती लागू देऊ नका. कोणतीही फवारणी करताना तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका, आणि नंतर साबणाने हातपाय धुवा.

निंबोळी विकत आणावी लागत नाही. ती दर साली आपल्या दारी पडते आणि पायाखाली तुडवली जाते. यंदा ती वेचून ठेवा.

कठीण शब्द
अर्क : भिजवून, गाळून काढलेला रस
निर्धोक : ज्यापासून धोका नाही असे
सूत्रकृमी : मुळांना लागणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे

प्रश्न
१. अर्क उन्हात का फवारू नये?
२. ४० लिटर अर्काला किती बी लागेल?
३. तुमच्या गावात कडुनिंबाची झाडे किती आहेत? मोजून पाटीवर लिहा.