एक टोक एकाचे, दुसरे चौघांचे : फॅन-आऊट केबल कशी निवडावी?

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडी नदीकाठचे शेतकऱ्यांचे गाव. तेथून जवळच खोडदची प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, असा सुमारे २५ किलोमीटरचा हा पसारा आहे. प्रत्येक तबकडीने टिपलेला संकेत काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, मध्यवर्ती इमारतीत येतो. तेव्हा आज ज्या मालाविषयी आम्ही लिहीत आहोत, तो या परिसराला अगदीच परका नाही.

या मालाचा मोठा ग्राहक आज डेटा सेंटर हा आहे. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे व मुंबई येथे आणि २०१६ साली ॲमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यातही अशी अनेक केंद्रे उभी आहेत. तेथे माल पुरविणारे आणि केबल ओढणारे लहान ठेकेदारही लागतात. विजेच्या तारेचा धंदा करणारे आमचे बांधव या कामाकडे वळू शकतात. मात्र एक फरक आरंभीच लक्षात घ्यावा. विजेची तार उरली तर दुसऱ्या कामाला चालते. फॅन-आऊट केबल मापाने आणि टोके सांगून बनवून घ्यावी लागते, आणि असा माल कारखानदार सहसा परत घेत नाही. मागणीपत्रातील एका अक्षराची चूक झाली तर लहान व्यापाऱ्याचे भांडवल अडकून पडते. म्हणून ही केबल निवडताना काय काय विचारावे, ते क्रमाने पाहू.

प्रथम ही केबल कशासाठी लागते ते समजून घेऊ. रॅकमध्ये स्विच बसविण्याच्या एका घराची उंची ४४.४५ मिलिमीटर असते. एवढ्या जागेत ३२ मोठी पोर्ट असलेला स्विच बसतो. त्यातील एकेक पोर्ट चार लहान पोर्टांत विभागता येते. ४० गिगाबिटचे चार वेळा १०, १०० चे चार वेळा २५ आणि ४०० चे चार वेळा १००. म्हणजे एका घरातून १२८ जोडण्या निघतात. इतक्या सुट्या केबली लावल्या तर हात घालायला जागा राहत नाही आणि हवाही अडते. फॅन-आऊट केबलीच्या एका टोकाला अनेक तंतूंचा एमपीओ कनेक्टर असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याचे एलसी जोडीचे चार फाटे फुटतात. १२८ ऐवजी ३२ केबलींत काम भागते.

पहिला प्रश्न मॉड्यूलचा. ग्राहकाच्या स्विचमध्ये कोणते मॉड्यूल आहे, हे लेखी घ्यावे. एसआर४ व डीआर४ या जातींत चार वाहिन्यांसाठी वेगवेगळे तंतू असतात. असा माल फॅन-आऊट केबलीने फुटतो. एलआर४ मध्ये मात्र प्रकाशाचे चार रंग एकाच तंतूतून जातात. तेथे फॅन-आऊट केबलीचा उपयोग नाही. खोडदच्या दुर्बिणीचे नूतनीकरण झाले तेव्हाही एका तंतूतून अनेक रंग नेण्याची पद्धत घेण्यात आली. ते रंग वेगळे करण्यास प्रकाशाची गाळणी लागते. केबल तंतू वेगळे करते, रंग वेगळे करीत नाही. हे ध्यानात ठेवले तर निम्मी फसगत टळते.

दुसरा प्रश्न तंतूच्या जातीचा. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा व वेष्टन पिवळे असते. ओएम३ व ओएम४ या मल्टिमोड जातींचा गाभा ५० मायक्रॉनचा असतो. ओएम३ चे वेष्टन फिकट निळसर हिरवे, तर ओएम४ चे तसेच किंवा जांभळे असते. एसआर४ ला मल्टिमोड लागतो, डीआर४ ला सिंगल मोड. १०० गिगाबिटचे एसआर४ ओएम३ वर ७० मीटर आणि ओएम४ वर १०० मीटर जाते. डीआर४ ५०० मीटर जाते. केवळ वेष्टनाचा रंग पाहून माल घेऊ नये. केबलीवर छापलेली जात वाचावी.

तिसरा प्रश्न जोड्यांचा. येथेच सर्वांत जास्त माल वाया जातो. १२ तंतूंच्या एमपीओमध्ये एसआर४ चे पहिले चार तंतू पाठविण्याचे व शेवटचे चार घेण्याचे असतात. मधले चार रिकामे राहतात. म्हणून एलसीच्या जोड्या १ व १२, २ व ११, ३ व १०, ४ व ९ अशा लागतात. बाजारात १ व २, ३ व ४ अशा जोड्यांची सहा फाट्यांची केबलही मिळते. ती पॅनेलच्या कामाची आहे. फाट्यांची जोडणी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तेव्हा कोणता फाटा कोणत्या तंतूचा, याचा तक्ता मागून घ्यावा आणि फाट्यांवर क्रमांक घालून मागावेत.

चौथा प्रश्न टोकाचा. एमपीओ पिनचा व बिनपिनचा असा दोन प्रकारचा असतो. मॉड्यूलमध्ये पिना असतात, म्हणून त्यात जाणारी केबल बिनपिनची हवी. पिनेवर पिन दाबली तर महागडे मॉड्यूल बिघडते. सिंगल मोडच्या एमपीओचे तोंड आठ अंशांनी तिरके घासलेले असते, मल्टिमोडचे बहुधा सपाट; काही नव्या वेगवान मॉड्यूलांत मल्टिमोडलाही तिरके तोंड आले आहे. तिरके तोंड सपाट तोंडाला कधीही जोडू नये.

पाचवा प्रश्न प्रकाशाच्या घटीचा. स्विच आणि सर्व्हर एकाच रॅकमध्ये असून केबल थेट जात असेल, तर घटीची फार चिंता नाही. मध्ये पॅनेल आले की हिशेब मांडावा. समजा १०० गिगाबिटचे एसआर४ आहे, ओएम४ केबल १०० मीटर आहे आणि मध्ये तीन एमपीओ जोड आहेत. एकूण घट १.९ डेसिबलपर्यंत चालते. तंतूची घट किलोमीटरला ३ धरली तर १०० मीटरला ०.३ झाली. उरले १.६. साधा जोड ०.७५ चा धरला तर तिघांचे २.२५ होतात, काम बसत नाही. कमी घटीचा जोड ०.३५ चा, तिघांचे १.०५, काम बसते आणि थोडे शिल्लकही राहते. स्वस्त माल येथे महाग पडतो, तो असा.

सहावा प्रश्न मापाचा. लांबी सरळ रेषेत मोजू नये. केबल ज्या वाटेने जाईल त्या वाटेने दोरी धरून मोजावी. एकूण लांबी वेगळी व फाट्याची लांबी वेगळी लिहावी. फाटे आखूड पडले तर केबल ताणली जाते, फार लांब झाले तर रॅकमध्ये गुंता होतो. बसविलेल्या केबलीचे वळण तिच्या जाडीच्या दहापटीहून लहान त्रिज्येचे असू नये. ३ मिलिमीटरच्या केबलीला ३० मिलिमीटर. वेष्टन आगीत कमी धूर करणारे हवे की कसे, हेही ग्राहकाला विचारावे.

माल हाती आल्यावर प्रत्येक केबलीचा तपासणी अहवाल पाहावा. टोके सूक्ष्मदर्शकाने पाहून, साफ करूनच जोडावीत. सिंगल मोडच्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे धुळीचा कणही धोंड्यासारखा असतो. टोपण शेवटच्या क्षणी काढावे. चालू केबलीच्या तोंडात डोळा घालून कधीही पाहू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. नव्या कारागिराला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

बयाणा देण्यापूर्वी मागणीपत्रात एवढे लिहून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी : मॉड्यूलचे नाव, तंतूची जात, तंतूंची संख्या, जोड्यांचा तक्ता, पिन आहे की नाही, दोन्ही टोकांची घासणी, जोडाची कमाल घट, एकूण लांबी व फाट्याची लांबी, वेष्टन. प्रथम दोन नग मागवून ग्राहकाच्याच स्विचवर लावून पाहावेत, दिवे लागले की मग उरलेला माल सांगावा. यात चार दिवस जास्त जातील, परंतु पुढचे काम मिळण्याची वाटही त्यातूनच निघते.