परदेशातील अर्थशास्त्राची पीएच.डी. : बाबासाहेबांची वाट आणि आपली तयारी

बाबासाहेबांचे नाव घेताना आपण त्यांच्या पदव्या मोजतो. त्या पदव्यांकडे नेणारी वाट मात्र क्वचितच न्याहाळतो. आपल्या वसतिगृहातून उद्या कोणी अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी परदेशी अर्ज करणार असेल, तर ती वाट त्याने प्रथम समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

१९१३ साली बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, तोही त्यांनी नव्याने सिद्ध केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून झाल्यावर १९२७ मध्ये हाती आली. प्रवेशापासून पदवीपर्यंत चौदा वर्षे!

या वाटेवर तीन गोष्टी दिसतात : पूर्वतयारी, गुरुजनांचा विश्वास आणि पैसा. आजही अर्जाचा सारा भार याच तिहींवर असतो.

पूर्वतयारी म्हणजे आज प्रामुख्याने गणित. कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र यांवाचून प्रवेश दुर्मीळ; रिअल ॲनालिसिस झाले असल्यास अधिक चांगले. दहावीनंतर कला शाखेकडे वळताना आपली मुले गणित सोडतात आणि तेथेच हे दार नकळत बंद होते. पालकांनी हे ध्यानी घ्यावे. पुढे पुण्याची गोखले संस्था किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील एम.ए. ही भक्कम पायरी ठरते.

दुसरी गोष्ट शिफारसपत्र. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी आपल्या या विद्यार्थ्याविषयी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिले होते. आजही बहुधा तीन पत्रे लागतात. ‘विद्यार्थी हुशार व सुशील आहे’ एवढ्याने भागत नाही. त्याने कोणते संशोधन केले, कोठे अडला, कसा सुटला, हे जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाने लिहावे लागते. म्हणून संशोधन साहाय्यक म्हणून वर्ष-दोन वर्षे काम करणे वाया जात नाही. हेतुनिवेदनातही घरची हलाखी सांगून थांबू नये, प्रश्न मांडावा. उमराण्याच्या बाजारात कांद्याचा भाव एका आठवड्यात का कोसळतो, निर्यातबंदीचा भार कोणावर पडतो, हे प्रश्न देवळ्याच्या मुलाला पुस्तकाआधी ठाऊक असतात.

तिसरी गोष्ट पैसा. परदेशी शिक्षणासाठी शेत विकावे लागते, हा समज एम.ए.बाबत पुष्कळदा खरा ठरतो, पीएच.डी.बाबत नव्हे. अमेरिकेतील बहुतेक चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी मिळते आणि अध्यापन वा संशोधन साहाय्याबद्दल विद्यावेतनही. शिवाय केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहेच. खरा खर्च अर्जाच्या वेळी येतो : जीआरई, टोफेल वा आयईएलटीएस आणि प्रत्येक विद्यापीठाचे अर्जशुल्क. अनेक विद्यापीठे गरजूंना हे शुल्क माफ करतात. मागावे मात्र लागते.

अमेरिकेतील अर्ज बहुधा डिसेंबरात संपतात, उत्तरे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि १५ एप्रिलपर्यंत निर्णय कळवायचा असतो. म्हणजे तयारी दीड वर्ष आधी सुरू व्हावी. पहिल्या वर्षी सर्वत्र नकार आला, तर खचू नये. बाबासाहेबांनाही लंडन दोनदा गाठावे लागले.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती : एखाद्या मुलाच्या परीक्षाशुल्काचा भार उचला, त्याचे हेतुनिवेदन वाचा, त्याला गणित सोडू देऊ नका. सयाजीराव आणि भथेना प्रत्येकाला लाभत नाहीत. पण एक संस्था आणि तिचे माजी विद्यार्थी मिळून तेवढे निश्चित होऊ शकतात.